बुडालेली नाव वर कशी येते, आणि वर आल्यावर तिचे काय करायचे

जुलै-ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी, निपाणी, कागवाड आणि रायबाग या तालुक्यांतल्या बातम्या जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येतात: कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली, मलिकवाड-दत्तवाड मार्ग बंद, कारदगा-भोज आणि एकसंबा-दानवाड येथील वाहतूक ठप्प. पाणी उतरले आणि पुलावरचा गाळ धुऊन निघाला की बातमीही उतरते. नदीच्या पात्रात, मळीच्या उसात आणि बंधाऱ्यांच्या गाळ्यांत, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागांत, जे अडकून राहते, त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. त्या अडगळीत झाडांचे बुंधे असतात, शेतीपंपांचे पाइप असतात आणि कधी दोर तुटून वाहत आलेली एखादी नावही असते. बुंधा सरपणाला जातो, पाइप ज्याचा तो शोधत येतो. नाव मात्र अर्धी गाळात आणि अर्धी पाण्यात तशीच पडून राहते. ती काढायची कोणी, काढायची कशी आणि काढल्यावर टाकायची कुठे, हे तीन प्रश्न दिसतात तेवढे सोपे नाहीत, आणि त्यांची उत्तरे बरीचशी नदीच्या वेळापत्रकावर अवलंबून आहेत.

प्रथम नाव म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्याकडे एकाच घाटावर चार प्रकार सापडतात. फळ्या जोडून डांबर फासलेली जुनी लाकडी नाव, जिला कन्नडभाषक शेजारी दोणी म्हणतात. पत्रा आणि अँगल जोडून गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात केलेली लोखंडी बोट. पर्यटनासाठी किंवा बचावकार्यासाठी आणलेली फायबरची बोट. आणि वेताच्या किंवा बांबूच्या कामट्यांची गोल हरगोल. महापुरात याच यादीत गुऱ्हाळाची काहीलही येते, कारण पाण्याने वेढलेल्या वस्तीतून माणसे आणि शेरडे बाहेर काढायला अनेक ठिकाणी तिचाच उपयोग होतो. यांपैकी प्रत्येकीचे बुडणे वेगळे असते. लाकडी नाव पाण्याने भरली तरी सहसा तळाशी जात नाही. तिचा स्वतःचा काठ पाण्याच्या पातळीबरोबर किंवा जरा खाली राहील अशी ती तरंगत राहते आणि म्हणूनच रात्री दुसऱ्या नावेला धडकण्याचा धोका तिच्यामुळे अधिक असतो. लोखंडी बोट भरली की सरळ खाली जाते. फायबरच्या बोटीत बैठकीखाली फोम भरलेला असेल तर ती उलटी होऊनही वर राहते, नसेल तर तीही तळ गाठते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पाण्यात बुडालेली प्रत्येक लाकडी नाव टाकून दिलेली असते असे नाही. उन्हात पडून राहिली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. म्हणून काही नावाडी काम नसताना नाव मुद्दाम उथळ पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे लाकूड फुगलेले राहते. नाव दगडांनी दाबलेली आणि दोराने काठाला बांधलेली दिसली, तर ती काढायला जाण्यापूर्वी गावात चौकशी करावी.

नाव पडून राहिली तर बिघडते काय, असे विचारणारे पुष्कळ आहेत. तिच्या पुढच्या बाजूस पाणी तुंबते, दोन्ही बगलांनी प्रवाह वेगाने निसटतो आणि तिथला तळ खरवडला जातो. ही खरवड बंधाऱ्याच्या पायाशी किंवा पुलाच्या खांबाशी झाली तर नुकसान नावेच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे असते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या गाळ्यात ती आडवी बसली, तर हिवाळ्याच्या तोंडी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालताना तो गाळा बंदच होत नाही आणि अडवलेले पाणी तिथून गळत राहते. जॅकवेलच्या, म्हणजे नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीच्या, तोंडाशी अडकली तर तिच्याभोवती जलपर्णी आणि गाळ साठून उपसा कमी होतो. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे पुढच्या पुरात तीच नाव पुन्हा सुटते, आणि या वेळी तिला हाकणारा कोणी नसतो.

असे झाल्यास काय होते, ते आपल्याच कृष्णेने पुष्कळ खाली, विजयवाड्याला, सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवले. प्रकाशम बॅरेजवरून ११ लाख क्युसेकहून अधिक पाणी जात असताना वरच्या बाजूला बांधलेल्या वाळू वाहतुकीच्या मोठ्या लोखंडी बोटी सुटल्या आणि दारांवर येऊन आदळल्या. दारे उचलण्यासाठी जी वजने तोल धरून असतात, त्यांतली काही मोडली. पूर उतरल्यावरही बोटी दारांत अडकूनच होत्या. मोठ्या क्रेन लावून पाहिल्या, त्या हलल्या नाहीत. पाणबुडे उतरवून पाण्याखाली कापण्याचा प्रयत्न झाला, तो फार संथ चालला. अखेर दोन बोटी शेजारी आणून त्यांना लोखंडी गर्डरांनी जोडण्यात आले आणि त्यांच्या मधोमध अडकलेली बोट साखळ्यांनी उचलून बाजूला नेण्यात आली. पहिली बोट निघेपर्यंत पंधरवडा उलटला होता. दोन बोटींच्या मध्ये तिसरी टांगण्याची ही युक्ती लक्षात ठेवावी, कारण ती लहान नदीवरही चालते आणि तिच्यामागचे शास्त्र पुढे येणार आहे.

नाव कोणाची?

पुराने आणून शेतात टाकलेली नाव शेतकऱ्याची होत नाही. मूळ मालकाची मालकी पाण्याबरोबर वाहून जात नाही, आणि दुसऱ्याची सापडलेली वस्तू बेइमानीने स्वतःची म्हणून ठेवणे वा विकणे हा फौजदारी गुन्हा आहे. दुसऱ्या बाजूने, मालकी राहते म्हणून जबाबदारीही राहते. नद्यांवरील नौकांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ मध्ये झाला. त्यात यंत्रावर चालणाऱ्या नौकांच्या नोंदणीची सक्ती आहे, आणि बुडालेल्या, अडकलेल्या किंवा सोडून दिलेल्या नौकांविषयी स्वतंत्र तरतुदी आहेत. मालकाने नौका जलमार्गात टाकून देऊ नये आणि राज्य सरकारला अशा अवशेषांचा ताबा घेणारा अधिकारी नेमता यावा, असा त्यांचा रोख आहे. त्याशिवाय १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याचे २४ वे कलम आहे. हे कलम केवळ रसायनांविषयी आहे असा समज असतो, परंतु प्रवाहाला अडथळा होईल अशी वस्तू जाणूनबुजून नदीत जाऊ देण्यासही त्यात मनाई आहे. समुद्रातल्या अवशेषांसाठी २००७ चा नैरोबी आंतरराष्ट्रीय करार आहे, तो एप्रिल २०१५ पासून अमलात आला. मात्र त्याचा आपल्या नद्यांशी संबंध नाही, आणि त्याचा दाखला देऊन कोणी नदीतल्या होडीविषयी अर्ज करू नये.

सीमाभागात यात एक गाठ अधिक पडते. दानवाड आणि दत्तवाड ही गावे महाराष्ट्रात आहेत, एकसंबा आणि मलिकवाड कर्नाटकात, आणि नदीला यातले काहीच ठाऊक नाही. शिरोळ तालुक्यातून सुटलेली नाव रायबाग तालुक्यात लागली, तर नाव एका राज्याची, काठ दुसऱ्या राज्याचा आणि बंधारा तिसऱ्याच खात्याचा, अशी स्थिती होते. व्यवहारात उपयोगी पडणारा मार्ग असा: नाव जिथे अडकली आहे तिथल्या प्रशासनाकडे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) आणि तहसीलदारांकडे, लेखी कळवावे. सोबत छायाचित्रे, जागेची खूण आणि नावेवरचा क्रमांक किंवा रंगवलेले नाव असेल तर तेही द्यावे, पंचनामा मागावा आणि पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी. तलाठी हा शब्द सरकारी कागदावरून गेला असला तरी पंचनाम्याला येणारा माणूस तोच असतो. अर्ज कन्नडमध्ये दिला तर तो लवकर पुढे सरकतो, हे कोणाला आवडो न आवडो, वस्तुस्थिती आहे. मराठी प्रत सोबत जोडून पोच दोन्हींवर घ्यावी. मी स्वतः एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात असा कागद पोचवताना एक आख्खा आठवडा घालवला आहे, आणि पोच नसती तर तो आठवडा पुन्हा घालवावा लागला असता.

पाण्याखालचे वजन

आता मूळ मुद्दा. बुडालेली नाव फार जड झालेली असते, म्हणून ती काढायला मोठे यंत्र लागते, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक अर्धेच खरे आहे आणि बहुतेक फसलेल्या प्रयत्नांचे मूळ त्यात आहे.

एक लोखंडी बोट घेऊ: सहा मीटर लांब, दीड मीटर रुंद, साठ सेंटिमीटर खोल. पत्रा आणि अँगल मिळून तिचे वजन सुमारे ५०० किलो धरू. दोन्ही टोकांना ती निमुळती असल्याने तिच्यात अंदाजे साडेतीन घनमीटर, म्हणजे साडेतीन हजार लिटर पाणी मावेल. ही बोट भरून तळाशी गेली, की तिच्यातल्या पाण्याचे वजन उचलणाऱ्याला जाणवत नाही, कारण पाण्यात पाणी तोलूनच असते; विहिरीतून घागर ओढताना ती पाण्याखाली असेपर्यंत हलकी लागते आणि पृष्ठभाग सोडताच दोर हाताला काचतो, तसाच हा प्रकार आहे. इतकेच नव्हे, तर लोखंडाने बाजूला सारलेल्या पाण्याइतका आधार बोटीला मिळतो, आणि लोखंड पाण्याच्या पावणेआठ पट जड असल्यामुळे ५०० किलोची बोट पाण्याखाली ४३५ किलोच्या आसपास भरते. दोनशे लिटरचे रिकामे, तोंड घट्ट बंद केलेले पिंप पाण्याखाली ओढून नेले तर ते स्वतःचे वजन वजा जाता सुमारे १८० किलो वर उचलते. म्हणजे हिशेबाने तीन आणि तोल राखण्यासाठी चार पिंपे या बोटीला पुरतात. बोट पृष्ठभागावर आणून तशीच भरलेली हवेत उचलायला गेलो, की मात्र आतले साडेतीन टन पाणी एकदम जागे होते आणि तीच बोट चार टनांची होते. क्रेनचा दोर तुटतो, कडा फाटते किंवा बोट दुमडते ती नेमकी या क्षणी.

म्हणून जाणते लोक बोट एका दमात काढत नाहीत. बोटीचा काठ पाण्याच्या जेमतेम वर येईपर्यंत ती आणायची, तिथे थांबायचे, मोठी भोके ताडपत्री, रबराचा तुकडा आणि फळी यांनी बुजवायची, आणि मग पंपाने आतले पाणी उपसायचे. उपसा गळतीपेक्षा वेगवान असला की उरलेले काम बोट स्वतः करते. ती तरंगू लागते आणि तिला दोराने ओढत घाटाला नेता येते. पट्टे नेहमी बोटीच्या पोटाखालून घ्यावेत. कडेच्या कड्यांना किंवा वल्ह्याच्या खुंट्यांना दोर बांधून उचलणे म्हणजे शर्टाच्या खिशाला धरून माणूस उचलण्यासारखे आहे.

दोन नावांच्या मध्ये बुडालेली नाव टांगण्याची युक्ती याच हिशेबावर चालते, कारण त्या दोन नावांना फक्त पाण्याखालचे वजन पेलायचे असते. समुद्रकाठी ही युक्ती भरती-ओहोटीच्या जोरावर वापरतात: ओहोटीला दोर आवळून बांधायचे आणि भरतीने उचलून द्यायचे. आपल्याकडे भरती नाही, पण बरगे आहेत. खालच्या बंधाऱ्याला बरगे घालण्यापूर्वी, पाणी कमी असताना, दोन नावांवर आडवे वासे टाकून बुडालेली नाव त्यांना आवळून बांधली, तर पाणी चढत जाईल तशी ती तळ सोडते आणि मग तिला उथळ जागी सरकवता येते. यासाठी पाटबंधारे खात्याकडून बरगे घालण्याचा दिवस विचारून घ्यावा लागतो, एवढेच.

गाळाची गोष्ट वेगळी आहे आणि ती मुद्दाम वेगळी सांगतो. पाण्यात पाण्याला वजन नसते, पण गाळाला असते. त्याच बोटीत पाण्याऐवजी साडेतीन घनमीटर ओला गाळ बसला, तर पाण्याखालीसुद्धा तिच्यावर अडीच टनांच्या आसपास भार पडतो. शिवाय बोटीचा तळ आणि चिखल यांच्यामध्ये पाणी शिरायला वाट नसल्याने ती चिखलाला धरून बसते. बुटासकट पाय रुतल्यावर बूट निघत नाही, तो हाच प्रकार. अशा वेळी जोर वाढवण्यात अर्थ नसतो. शेतीपंपाच्या पाइपला बारीक तोंड बसवून पाण्याचा झोत तळाखाली सोडायचा, आतला गाळ ढवळून पातळ करून उपसायचा, आणि बोट सपाट उचलण्याऐवजी एका टोकाने सैल करत आणायची. एका टोकाखाली पाणी शिरले की चिखलाची पकड पुढे सरकत सुटत जाते.

प्रवाहाचा जोर हा तिसरा घटक. हीच बोट खांबाला आडवी टेकली असेल आणि पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर तिच्यावर सुमारे १८० किलोचा दाब असतो. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे सातशे किलोंच्या पुढे जातो. तिप्पट वेगाला तो दीड टन ओलांडतो. म्हणून पुराचे पाणी असताना खांबाला चिकटलेली बोट प्रवाहाच्या विरुद्ध ओढणे हा खुळेपणा आहे. तिचे एक टोक वर किंवा बाजूला ओढून तिला प्रवाहाच्या रेषेत फिरवता आले, तर जो प्रवाह तिला दाबून धरत होता तोच तिला सोडवून नेतो. अर्थात खाली दुसरा बंधारा असेल, तर आधी पकडदोर बांधूनच.

कधी काढावी

गोदावरीचे एक उदाहरण वेळेचे महत्त्व दाखवते. १५ सप्टेंबर २०१९ रोजी आंध्र प्रदेशात कच्चुलूरूजवळ ‘रॉयल वसिष्ठ’ ही पर्यटक बोट पुराच्या पाण्यात बुडाली आणि अनेकांचे प्राण गेले. ठिकाण अतिशय खोल होते. काकीनाड्याच्या धर्माडी सत्यम यांच्या पथकाने नांगर आणि लोखंडी दोर तळाशी फिरवून बोट गुंतवण्याचे प्रयत्न केले, पाण्याच्या जोरामुळे ते थांबवावे लागले, आणि पाणी उतरल्यावर पुन्हा सुरू करून २२ ऑक्टोबरला, म्हणजे दुर्घटनेनंतर ३८ व्या दिवशी, बोट काठाला आणली. ती मोडक्या अवस्थेत निघाली. तळावरून ओढून काढलेल्या बोटीचे असेच होते, आणि तिथे उद्देश बोट वाचवण्याचा नव्हता, आत अडकलेल्यांचा शोध घेण्याचा होता.

आपल्या भागात दोन संधी मिळतात. पहिली, पूर ओसरल्यापासून बरगे घातले जाईपर्यंत, साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर-नोव्हेंबर. या काळात गाळ अजून मऊ असतो, पत्रा गंजलेला नसतो, लाकूड फुटलेले नसते आणि पाण्याचा जोर आटोक्यात असतो. दुसरी संधी एप्रिल-मेमध्ये, जेव्हा अथणी-कागवाडकडे कृष्णेचे पात्र इतके उघडे पडते की कर्नाटकाला कोयना-वारणेतून पाणी सोडण्याची विनंती महाराष्ट्राकडे करावी लागते. हिडकल जलाशयाचे पाणी उतरले की जुन्या हुन्नूरचे विठ्ठल मंदिर वर येते, तसे पात्रातल्या अशा अनेक वस्तूंचे दर्शन तेव्हा घडते. लोकांना ही दुसरी संधी सोयीची वाटते, कारण नाव डोळ्यांना दिसते आणि ट्रॅक्टर थेट पात्रात नेता येतो. माझे मत उलटे आहे. तोपर्यंत आतला गाळ वाळून विटेसारखा होतो, त्याला खणून काढावे लागते, आणि पाणीच नसल्यामुळे ४३५ किलोंचा हिशेबही लागू पडत नाही. ऑक्टोबरमध्ये चार पिंपे आणि एक पंप लागला असता, तिथे मेमध्ये जेसीबी लागतो आणि नाव बहुधा तुकड्यांत निघते.

उशिराची किंमत किती वाढू शकते, हे बेळगावच्या माणसाने चोर्ला घाट उतरून बारा वर्षे पाहिले आहे. जून २००० मध्ये गोव्यात कांदोळी-शिकेरीच्या किनाऱ्याजवळ ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे मालवाहू जहाज वादळी समुद्रात वाळूवर चढले. सुरुवातीला ते ओढून नेण्याजोगे होते. मग मालक, विमा, सरकार आणि ठेकेदार यांच्यात वर्षे गेली, जहाज वाळूत रुतत गेले, किनाऱ्याची धूप झाली, सरकारला खास कायदा करून ते ताब्यात घ्यावे लागले, आणि अखेर २०१२ मध्ये ते जागेवरच कापून संपवण्यात आले. सहलीला गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या फोटो-अल्बममध्ये ते गंजके धूड मागे उभे आहे.

काम करताना काही धोके असे आहेत की ज्यांची कल्पना अनुभवी पोहणाऱ्यालाही नसते. उघड्या दाराजवळ किंवा चालू जॅकवेलच्या तोंडाशी बुडी मारू नये. पाणी वरून शांत दिसते आणि खाली माणसाला भोकाकडे खेचून धरते. ताणलेला नायलॉनचा किंवा तारेचा दोर तुटला तर तो मागे फटका मारतो, म्हणून दोराच्या रेषेत आणि त्याच्या वळणाच्या आत कोणी उभे राहू नये. ट्रॅक्टरला दोर उंच बांधला तर पुढची चाके उचलून तो मागे उलटतो. लोखंडी बोटीत हवाबंद कप्पे असतील तर गंज चढताना आतला प्राणवायू संपलेला असतो. असा कप्पा उघडून लगेच आत वाकू नये. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरींचा वावर आहे, हे वेगळे सांगायला नको.

आणि एक पद्धत जिच्याविषयी मला स्पष्ट आक्षेप आहे. भीमेच्या खोऱ्यात, विशेषतः उजनीच्या फुगवट्यात, बेकायदा वाळू उपशाच्या बोटी पकडल्यावर महसूल पथके त्या जिलेटिन लावून पाण्यातच उडवतात. वाळूचोराला बोट परत मिळू नये, हा हेतू योग्य आहे. परंतु स्फोटानंतर इंजिनातले तेल पाण्यात जाते आणि एका सलग बोटीऐवजी धारदार पत्र्याचे तुकडे तळाशी पसरतात, जे पुढे कोणीच काढत नाही. बोट काठाला ओढून कापली आणि भंगाराचा लिलाव केला, तर जरब तेवढीच बसते आणि पात्र स्वच्छ राहते.

काढल्यावर

सर्वांत आधी तेल, इंधन आणि बॅटरी. इंजिनाचे जुने तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते मातीत किंवा गटारात ओतू नये, डब्यात साठवून अधिकृत खरेदीदाराला द्यावे. बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी, तिचे पैसेही मिळतात. इंजिन वाचवायचे असेल तर एक उलटी वाटणारी गोष्ट करावी लागते: मेकॅनिक लगेच मिळत नसेल तर इंजिन उन्हात वाळवू नये, स्वच्छ गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवावे, कारण ओले लोखंड हवेत आले की काही तासांत गंजू लागते. आत वाळू गेल्याची शंका असेल तर ते फिरवून पाहण्याचा मोह टाळावा.

लोखंडाचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छे परिसरात फाउंड्रींचे जाळे असल्याने आपल्याकडे भंगाराला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. गॅस कटर लावण्यापूर्वी इंधनाची टाकी काढून वेगळी करावी. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. लाकडाच्या चांगल्या फळ्या गोठ्याला आणि कुंपणाला लागतात. डांबर मुरलेले लाकूड मात्र गुऱ्हाळाच्या चुलवणात घालू नये. त्याचा धूर माणसालाही बाधतो आणि गुळालाही.

खरी अडचण फायबरची. काचेचे तंतू आणि राळ यांचे हे मिश्रण एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, म्हणून प्लॅस्टिकवाला ते घेत नाही आणि भंगारवालाही घेत नाही. जाळले तर काळा विषारी धूर होतो आणि काचेचा सांगाडा उरतोच. कोरडे कापले तर बारीक धूळ फुप्फुसात जाते, त्यामुळे पाणी मारत आणि नाकाला चांगला मास्क लावूनच कापावे. आतला थर्माकोल किंवा फोम तुकड्या-तुकड्यांनी नदीत जाणार नाही याची काळजी घ्यावी. तो एकदा सुटला की गोळा होत नाही. शक्य असेल तोवर अशी बोट दुरुस्त करणे, नाहीतर तिचा सलग भाग जनावरांच्या पाण्याचा हौद म्हणून वापरणे, हाच गावपातळीवरचा शहाणपणाचा उपाय आहे. मोठ्या प्रमाणावर सिमेंटच्या भट्टीत ती जिरवता येते: राळ इंधन म्हणून जळते आणि काचेतली सिलिका सिमेंटच्या भाजलेल्या गोळ्यांत, म्हणजे क्लिंकरमध्ये, मिसळते, पवनचक्क्यांच्या जुन्या पात्यांसाठी जर्मनीत ही रीत वापरली गेली आहे. बागलकोट आणि कलबुर्गी जिल्ह्यांत सिमेंटचे कारखाने आहेत, परंतु एकट्या मालकाची एक बोट तिथवर जाणार नाही. जिल्हा प्रशासनाने वर्षभरातल्या अशा बोटी एका ठिकाणी साठवून पाठवल्या, तरच वाहतुकीचा खर्च परवडेल.

बोट मोडल्यावर तिची नोंदणी रद्द करून घेण्याचे बहुतेक मालक विसरतात. यंत्रावरच्या बोटीचा क्रमांक कागदावर जिवंत राहिला आणि तो पत्रा दुसऱ्या कोणाच्या बोटीला लागला, तर पुढच्या पंचनाम्यात नाव जुन्याच मालकाचे येते. म्हणून क्रमांकाचा पत्रा आणि इंजिनावरची पट्टी भंगारात जाऊ न देता काढून ठेवावी, भंगाराची पावती घ्यावी आणि तिच्यासह रद्द करण्याचा अर्ज नोंदणी झाली त्याच कार्यालयात द्यावा, मग ते कार्यालय नदीच्या या काठाला असो वा पलीकडच्या.